तन्मय भारताकडून खेळला तेव्हा

आमच्या ईडन प्रेरीच्या घरी डिसेंबर लागला की बाबा बर्फ लावायला घ्यायचे. लोक दही लावतात तसा. सकाळी सहाला, ऑफिसच्या आधी, कानटोपीवर मफलर आणि मफलरवर जाकिटाची टोपी अशा अवतारात ते मागच्या अंगणात उतरायचे आणि फळ्यांच्या चौकटीत अंथरलेल्या प्लास्टिकवर नळीने पाणी सोडायचे. आज एक पातळ थर, तो गोठला की उद्या दुसरा. घाई केली की खाली पोकळ राहतं, हे त्यांनी पहिल्या वर्षी स्वतःचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत घालून शिकून घेतलं होतं. उभा जन्म नागपूरच्या उन्हात कूलरच्या ताट्यांवर पाणी मारण्यात गेलेला हा माणूस मिनेसोटात येऊन अंगणाला पाणी घालत होता, आणि आई स्वयंपाकघराच्या काचेमागून म्हणायची, "तुळस जगवता आली नाही यांना, बर्फ मात्र जोमात आलाय." आई पुण्याची. तिचं कौतुकसुद्धा टोमण्यात गुंडाळून यायचं. नाताळपर्यंत रिंक तयार व्हायची आणि मग मार्चपर्यंत आमच्या घरात एकच आवाज: रबराची ती काळी चकती, पक, फळीवर आदळल्याचा. ठक्. ठक्. त्यापायी आपल्या कुकरच्या शिट्ट्या चुकतात आणि डाळ कच्ची राहते, असा आईचा कायमचा आरोप होता. पण आम्ही नाकं लाल करून आत आलो की तिची वरणफळं तयार असायची, वर तुपाची धार, आणि वाफेने चष्मा धुरकटला तरी आम्ही तो न पुसता खात सुटायचो.

आम्ही म्हणजे मी आणि तन्मय. तन्मय दोन गल्ल्या पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये राहायचा. सहा वर्षांचा असताना तो आईवडिलांबरोबर नाशिकहून आला, आणि त्याच हिवाळ्यात मी त्याला आमच्या अंगणात स्केटिंग शिकवलं. घडीची लोखंडी खुर्ची पुढे ढकलत ढकलत तो उभा राहायला शिकला. मी त्याच्याच वयाचा, पण इथे जन्मलेला, त्यामुळे बर्फावर त्याच्या दोन वर्षं पुढे. हे अंतर पुढेही टिकलं. शाळेच्या संघात मी दोन मोसम खेळलो, त्याला एकदाही घेतलं नाही. मी हे बढाई म्हणून सांगत नाही. थोडी बढाई आहे, पण पुढचं कळायला ती लागणार आहे.

त्याच्या घरी मात्र वेगळी काळजी असायची. काका, म्हणजे त्याचे वडील, व्हिसावर नोकरी करत होते, ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांची दहा-बारा वर्षं गेली होती, आणि तन्मय त्यांच्या आधाराने एच-फोरवर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर होता. एकवीस वर्षं पूर्ण झाली की मूल त्या आधारातून बाहेर पडतं. मग त्याने स्वतःचं काहीतरी बघायचं, नाहीतर सामान बांधायचं. वर्षाकाकू, म्हणजे तन्मयची आई, आमच्याकडे आल्या की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तुमचं बरं आहे बाई, मुलगा इथला." एकदा, आम्ही बारा-तेरा वर्षांचे असू, तन्मयने माझा पासपोर्ट हातात घेतला आणि स्वतःच्या पासपोर्टाशेजारी ठेवला. दोन्ही गडद निळे. माझ्यावर गरुड, त्याच्यावर सिंह. "सेमच दिसतात ना?" तो म्हणाला, आणि बराच वेळ माझाच उलटून पालटून बघत राहिला. आपल्यावर कोणी जळावं यासारखं सुख नाही, आणि मला ते वर्षानुवर्षं घरपोच मिळत होतं. मी त्याची कधी कदर केली नाही.

आम्ही विशीत आलो त्या वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला. भारताचा पुरुषांचा आइस हॉकी संघ एका आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी आमच्याच भागात येत होता. तळाच्या गटाची स्पर्धा; मोठे देश त्यात नव्हतेच. पण देशांचे झेंडे, देशांचे कपडे, सगळं रीतसर. संघातल्या तिघांची कागदपत्रं वेळेत झाली नव्हती, तेव्हा इथे खेळणारी भारतीय मुलं असतील तर त्यांनी चाचणीला यावं, असं संघाच्या व्यवस्थापकांनी कळवलं होतं. बाबांनी तो निरोप मला तीनदा वाचून दाखवला. शेवटी म्हणाले, "तुह्यासाठीच आहे हे. तयारीला लाग बे."

चाचणीला आम्ही दोघंही गेलो. बाबांनीच गाडीतून नेलं. संघाचे व्यवस्थापक नोर्बू सर लडाखचे, सैन्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्या दिवशी मी जसा खेळलो तसा आयुष्यात पुन्हा कधी खेळलो नाही. लडाखची मुलं वेगात मला भारी होती, पण पक माझ्या स्टिकला चिकटल्यासारखा राहत होता, आणि कठड्याला टेकून उभे असलेले नोर्बू सर माझ्याकडे बोट करून कोणाला तरी काही सांगताना मला दोनदा दिसले. तन्मय बरा खेळला. बरा, एवढंच.

मग कागदांची वेळ आली. बाबांनी घरून फाइल आणली होती. तिच्यात माझा जन्मदाखला, माझा पासपोर्ट, त्यांचा स्वतःचा जुना रद्द झालेला भारतीय पासपोर्ट, का कोण जाणे पण त्यांची दहावीची गुणपत्रिका, आणि सगळ्यांच्या वर, प्लास्टिकच्या पाकिटात, माझं ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत सरकार देतं ते. आमच्याकडच्या प्रत्येक जेवणावळीत कोणीतरी कोणाला तरी सांगत असे, "ओसीआय म्हणजे ड्युअल सिटिझनशिपच हो!" आणि बाकीचे माना डोलवत. ते कार्ड नीट वाचून बघायची वेळ कोणावर आली नव्हती.

नोर्बू सरांनी ते उलटसुलट केलं. "अंकल, ये नहीं चलेगा. इंडियन पासपोर्ट दिखाइए."

"सर, ये ड्युअल सिटिझनशिप है," बाबा म्हणाले. "लाइफलाँग है. देखो, इंडिया लिखा है."

"ये जाने-आने के लिए है. खेलने के लिए सिटिझन होना पड़ता है." त्यांनी कार्ड पुन्हा पाकिटात घालून, दोन्ही हातांनी बाबांना परत दिलं. मग तन्मयकडे वळले. "तुम्हारा?"

तन्मयने पाठीवरच्या सॅकमधून कोपरे दुमडलेला पासपोर्ट काढला. नोर्बू सरांनी पहिलं पान पाहिलं, यादीत नाव लिहिलं, आणि त्याला जर्सीचं माप विचारलं. हे सगळं व्हायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. तन्मय माझ्याकडे बघून म्हणाला, "ड्यूड, आय अ‍ॅम सो सॉरी," आणि त्याचा चेहरा मात्र सॉरी होत नव्हता. कितीही दाबलं तरी त्याला हसू येत होतं. ते हसू मला अजून दिसतं.

माझी मुलगी म्हणते, बाबा, जेलसी इज अ वेस्ट ऑफ एनर्जी. असेल. पण त्या महिन्यात मला जेवढा उत्साह होता तेवढा पुढे कधी आला नाही. मी सकाळी उठायचो तो तन्मयचा विचार करत. त्याला सरावाला माझे बाबा सोडायचे, कारण काकांची शिफ्ट असायची. त्याला वरणफळं माझी आई डब्यात द्यायची. त्याची स्टिक जुनी होती म्हणून माझी चांगली स्टिक त्याला द्यावी, हे आईने माझ्यासमोर, मला न विचारता ठरवलं, आणि मी "हो, अर्थात" म्हणालो. मंडळाच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, खाली सत्तर-ऐंशी लोकांचे हात जोडलेले. एका काकांनी तर "मराठी पाऊल पडते पुढे" लिहिलं. पाऊल कुणी शिकवलं, खुर्ची कुणी धरली, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आमच्या अंगणात वाढला होता, आणि आमचंच घर त्याला दूध पाजत होतं. बाबांना माझं दुःख दिसत नव्हतं असं नाही. एकदा गाडीत म्हणाले, "तुह्याच हातानं तयार झाला ना तो. खुश हो ना बे."

स्पर्धेच्या आदल्या शनिवारी काकूंनी दोन्ही घरांचं जेवण ठेवलं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या पाठीवर ती जर्सी पसरून ठेवली होती, पाठीवर तन्मयचं आडनाव, आणि येणारा प्रत्येक जण तिला हात लावून बघत होता. मीही लावला. कापड अगदी साधं होतं. मग मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. काकू एकट्याच पुऱ्या तळत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून तोंडभर हसून विचारलं, "भूक लागली का रे सम्या?" आणि मी म्हणालो:

"काकू, एक विचारू? हे एच-फोरवर चालतं ना?"

"काय चालतं?"

"असं टीमकडून खेळलेलं. म्हणजे ते लोक रोजचा भत्ता देतात ना, म्हणून म्हटलं. ते काम धरत नसतील ना? आमच्या कॉलेजात एका मुलाचं असंच काहीतरी झालं होतं. स्टेटस गेलं त्याचं. परत जावं लागलं."

असा मुलगा नव्हता. मी तो तिथे, त्या तेलाच्या वासात, उभ्या उभ्या तयार केला. काकूंचा झारा कढईवर तसाच थांबला. पुरी फुगली, तांबूस झाली, मग काळपट, तरी त्यांनी ती काढली नाही. शेवटी त्यांनी गॅस बंद केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "नक्की?"

"नक्की माहीत नाही," मी म्हणालो. "पण बघा हं काकू. एवढी वर्षं काढली तुम्ही. उगाच फाइलला काही नको." आणि पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आलो, आणि श्रीखंड दोनदा घेतलं.

ज्यांनी व्हिसावर वर्षं काढलेली नाहीत त्यांना हे खोटं वाटेल. पण आमच्या त्या घरांतून लोक चुकीच्या जागी गाडी लावल्याची साधी पावती आली तरी आठवडाभर जेवत नसत. सोमवारपर्यंत ठरलं: वकिलाचं उत्तर आल्याशिवाय तन्मय बर्फावर उतरणार नाही. वकील स्प्रिंग ब्रेकसाठी कुठेतरी डोंगरात गेले होते. नोर्बू सरांनी ऐकून घेतलं, आणि त्याचं नाव यादीतून कापलं नाही.

भारताच्या तीन मॅच होत्या. पहिल्या दोन आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिल्या. तन्मयने जर्सी घातली होती, पण वर जाकीट, आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. खाली आपली मुलं कमी माणसांत खेळत होती. दर मिनिटाला आपली शिफ्ट संपवून ती धापा टाकत बाकावर यायची आणि श्वास घेण्याआधी पुन्हा उतरायची. पहिली मॅच तीन गोलांनी गेली. दुसरी एकाच गोलाने, शेवटच्या चार मिनिटांत, सगळे पाय ओढायला लागल्यावर. तन्मय गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. एकदाच म्हणाला, "आय कुड हॅव टेकन दॅट शिफ्ट, यार." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला तेव्हा काय वाटत होतं, हे इथे लिहायचंच असं ठरवून मी हे प्रकरण लिहायला घेतलं आहे, तेव्हा लिहितो. मला बरं वाटत होतं. महिनाभरात पहिल्यांदा मी दोन दिवस गाढ झोपलो होतो.

घरी परतताना बाबा गाडीत तणतणत होते. "कोणीतरी भरवलं त्या माउलीच्या डोक्यात. लोकाचं बरं झालं की पोटात दुखते यायच्या." चोराच्या मनात चांदणं, मी सीटबेल्ट उगाचच सैल करून पुन्हा लावला. आई मागे वळून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, असं मला वाटलं. तिने कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तन्मय माझी स्टिक परत द्यायला आला. तिसरी मॅच त्याच्या पुढच्या दुपारी होती. अंगणातला बर्फ वितळायला लागला होता, कडेने चिखल दिसत होता. स्टिकला नवीन टेप गुंडाळलेली होती, माझ्यापेक्षा नीट.

"अजून एक मॅच आहे ना," मी म्हणालो.

"लॉयरचा ईमेल आला सकाळी. नो प्रॉब्लेम म्हणतो. चार ओळी."

"मग?"

"आई नाही म्हणते. म्हणते, वकिलाचं काय जातंय? सम्याने सांगितलंय. तो इथला आहे, त्याला इथलं जास्त कळतं." त्याने खांदे उडवले. "ऑगस्टमध्ये ट्वेंटी-वन होतोय मी. आय वॉज लाइक, एक गोष्ट माझी होती. त्या पासपोर्टमुळे आजपर्यंत फक्त नो मिळालं, यार. पहिल्यांदा यस मिळालं होतं."

तो रागावलेला नव्हता. माझ्यावर तर मुळीच नव्हता. मी कोणाचा कोण, आणि माझ्या एका थापेला वकिलाच्या कागदापेक्षा जास्त वजन होतं, ते केवळ मी इथे जन्मलो म्हणून. तो गेल्यावर मी स्टिक हातात धरूनच त्याच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो.

जाताना मी सरळ कबूल करणार होतो. वाक्य पाठ केलं होतं: काकू, मी खोटं बोललो, मला तन्मयचं बघवत नव्हतं. दार काकूंनी उघडलं. डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "ये रे बाळा. बघ ना, कसा गप्प झालाय." आणि माझ्या तोंडून जे आलं ते असं: "काकू, मी कॉलेजच्या ऑफिसात मुद्दाम जाऊन विचारून आलो. त्या मुलाचं प्रकरण वेगळंच होतं. तो दुकानात काम करत होता. खेळलेलं चालतं. भत्ता घेतला नाही तर काहीच प्रश्न नाही." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सफाईदार होतं. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आतल्या दाराकडे वळून "तन्मय!" अशी हाक मारली, आणि तिसऱ्या मॅचला तन्मय खेळला.

त्या मॅचबद्दल लोक मला अजून विचारतात, कारण आपण ती जिंकलो. पाच-तीन. तन्मयने एक गोल केला. उजवीकडून घुसताना तो गरजेपेक्षा खूप आधी आत वळला, समोरचा बचावपटू फसला, आणि पक जाळीत गेला. बाजूच्या लोकांना ती हुशारी वाटली. आमच्या अंगणात त्या जागी पक्ष्यांना दाणे टांगायचा खांब होता आणि तिथे आधी वळलं नाही तर डोकं आपटायचं, हे तिथे फक्त मला माहीत होतं. बाबा उभे राहून नाचत होते. मी टाळ्या वाजवत होतो आणि तो गोल माझा आहे, माझा आहे, असं मनात म्हणत होतो.

अशा स्पर्धांत मॅच संपली की दोन्ही संघ ओळीने उभे राहतात आणि जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत लागतं. सगळे उठले. लडाखची मुलं मान वर करून मोठ्याने म्हणत होती. तन्मय ओळीच्या टोकाला होता, हेल्मेट काखेत, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि मधल्या ओळींना त्याचे ओठ नुसते हलत होते, कारण त्याला त्या नीट येत नव्हत्या. मला येत होत्या. मंडळाच्या प्रत्येक सव्वीस जानेवारीला मी पुढे उभा राहून म्हटलं होतं. मी तिथे वरच्या रांगेत शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं, आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

गीत संपलं तेव्हा काकूंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात गार होते आणि चेहरा भिजलेला. "एवढी काळजी सख्खा भाऊसुद्धा घेत नाही रे," त्या म्हणाल्या. "शंका आली तर शंका सांगितलीस, आणि परत जाऊन विचारूनही आलास." आई आमच्याकडे बघत होती. मी हात सोडवून घेतला नाही.

त्या ऑगस्टनंतर तन्मय नाशिकला गेला आणि तिथलाच झाला. काकू आता नाहीत. पश्चात्ताप मला झाला, पण तो पुढे, सवडीने, कामाधंद्याला लागल्यावर झाला. त्या दुपारी, काकूंचे हात माझ्या हातांवर असताना, मी त्यांच्या खांद्यावरून खाली बर्फावरच्या त्या ओळीकडे बघत होतो, आणि मला वाईट वाटत होतं ते एवढ्याचंच की तिथे मी नाही.